नाथाचं मीठ

माघातल्या त्या दुपारी आवडाबाई ओटीवर बसून तांदूळ निवडत होती आणि निवडता निवडता धवळा, लग्नाचं गाणं, गुणगुणत होती. धाकट्या लेकाचं, धाकूचं, लग्न ठरलं होतं. मुलगी विठ्ठलवाडीची, लक्ष्मी नावाची, कामाला वाघीण. वरमाय म्हणून आवडाबाईला मिरवायचं होतंच. पण हे लग्न गाणारीही तीच होती. ठाणे आणि डोंबिवलीच्या मध्ये खाडीला पाठ टेकून बसलेल्या खारवाडीत धवलारणीच्या गळ्याशिवाय लग्न लागत नसे. हळद तिनं गायची, मांडव तिनं गायचा, अक्षता पडेपर्यंत तिनं थांबायचं नाही. तिचा नवरा खाडीत बुडाला त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी तिचा हा मान कुणी काढून घेतला नव्हता. गळा कुठं विधवा होतो, असं गावातल्या बायका म्हणत; आणि या एका बाबतीत खारवाडी मोठमोठ्या शहाण्यांपेक्षा शहाणी होती.

बाकी बाबतीत मात्र डोळे असून आंधळी. लग्न पाहावं करून, म्हणतात ते खोटं नाही. मुलीच्या बापाला देज द्या, चार पाड्यांना जेवण घाला, आणि हे सगळं त्या मिठागरावर राबणाऱ्या माणसांनी, ज्यांच्या अंगावर धड लंगोटी नाही. मग मिठागराचे मालक विश्रामशेट कल्याणहून छकड्यातून येत आणि चाळीस रुपये काढून देत. कागद नाही, अंगठा नाही. फक्त लग्नाच्या दिवशी भर मांडवात पळसाच्या पानावर ओंजळभर मीठ ठेवलं जाई, धवलारीण मिठाचा धवळा गाई आणि नवरदेव त्यातली चिमूट जिभेवर ठेवी. झालं! त्या घटकेपासून तो शेटचा लग्नगडी. त्यानं आणि त्याच्या बायकोनं देणं फिटेपर्यंत मिठागरावर राबायचं, मजुरी मागायची नाही, रोजचा शेरभर तांदूळ तेवढा घ्यायचा. देणं फिटणार कधी? शेट म्हणतील तेव्हा. ज्याचं मीठ खाल्लं त्याला सोडून जायचं नाही, त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. उघडलं तर अंग झडतं, अशी खारवाडीची पक्की समजूत. खाडीत पिकणारं मीठ आपणच पिकवतो आणि त्याच मिठाच्या चिमटीनं आपणच बांधले जातो, हे त्यांतल्या एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही.

सात वर्षांपूर्वी आवडाबाईच्या थोरल्या लेकानं, नाथानं, ती चिमूट खाल्ली होती. धवळा आईनंच गायला होता, तोही अगदी हौसेनं.

डोळे उघडले ते गेल्या साली. ठाण्याहून देवी टोचायला त्र्यंबकराव यायचे. पोरं त्यांना बघून शेतात पळत, आणि ती परत येईपर्यंत बिचारे आवडाबाईच्या ओटीवर बसून राहत. दिवस भरलेली सून, गोदा, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन जाताना त्यांनी पाहिली आणि विचारपूस केली. मग नाथाला बोलावून, खाडीतल्या शिंपल्या आणायला सांगून, त्यांनी सारवलेल्या जमिनीवर एकेका महिन्याची एकेक शिंपली मांडली.

"तुझी आणि गोदाची मजुरी दुसरीकडे काय पडली असती ते धर," ते म्हणाले. "त्यातून खाल्लेला तांदूळ वजा कर. उरलं ते देण्यात घाल. व्याजही लाव, चांगलं सणसणीत लाव. म्हणजे शेटचं वाईट चिंतलं असं नको व्हायला."

दोन वर्षांच्या शिंपल्या मांडून झाल्या तशी त्यांनी कोळशानं रेघ ओढली. "इथं फिटलं तुझं."

रेघेच्या पलीकडे शिंपल्यांचा हा एवढा ढीग उरला होता.

"मंग यो ढीग कुनाचा?" गोदानं विचारलं.

"तो विश्रामशेटच्या माडीचा," त्र्यंबकराव म्हणाले.

पाट्या वाहता वाहता गेलेली गोदाची दोन बाळं त्या शिंपल्यांतच कुठंतरी होती; पोटातलं तिसरंही पुढं त्याच वाटेनं गेलं.

त्र्यंबकरावांनी नुसतं दुखणं दाखवलं नाही, उपायही सांगितला. लग्नाला लागतो मुख्यत्वे तांदूळ. सुगीला घरटी थोडा थोडा भात एका कणग्यात टाका. ज्याच्या घरी लग्न निघेल त्यानं त्यातून न्यावा, दोन सुग्यांत परत घालावा, वर मणामागं पायलीभर जास्त. किती नेला, कधी फिटणार, ते आधी सगळ्यांदेखत बोलायचं. बायकांनी हे मनावर घेतलं. शेवंती म्हणून शेजारीण होती, तिच्या अंगणात बांबूचा मोठा कणगा विणून, शेणानं लिंपून उभा राहिला. पुरुष हसले. पण आवडाबाईनं त्या अटींचाच धवळा रचला, आणि तो इतका तोंडात बसला की न्हाणीघरात आंघोळ करणारी म्हातारीसुद्धा 'मणामागं पायली' गाऊ लागली. माघ उजाडेतो कणगा छातीएवढा भरला. धाकूचं लग्न त्यातूनच व्हायचं होतं. लक्ष्मीचा बाप देज म्हणून भात घ्यायला कबूल झाला होता. खारवाडीत पहिलं लग्न, ज्यात नवरदेव मीठ खाणार नव्हता.

त्या दुपारी आवडाबाई गुणगुणत होती ते याच सुखात. तेवढ्यात गोदा बांधावरून धावत आली. पदर कुठल्या कुठे गेला होता.

"आये, चल! यांना बांधलाय!"

नाथानं सकाळी भिवा मुकादमाला सरळ सांगितलं होतं. "भिवादादा, माजा देना कवाच फिटलाय. आमी शिंपल्या मांडून बगितल्या. उद्यापासून मी ठान्याला जातंय, आगगाडीचा माल उतरवाला." बिचाऱ्याला वाटलं, हिशेब दाखवला की माणूस समजतो.

आवडाबाई पोचली तेव्हा त्याला मधल्या कोंडीच्या, म्हणजे मीठ पिकतं त्या वाफ्याच्या, बांधावर, रहाटाच्या खांबाला पालथा बांधला होता. दोर धरायला भिवानं काळुरामला उभं केलं होतं. नाथाच्या शेजारच्या कोंडीत फावडं ओढणारा, त्याच्याच ताटात जेवणारा काळुराम. भिवा हातातल्या लाकडी फावड्याच्या दांड्यानं मारत होता. घाई नव्हती त्याला. मारायचा, थांबायचा, दम घ्यायचा आणि विचारायचा, "शेटचा मीठ खाल्लास का नाय?"

"खाल्ला... पन फेरला..."

पुन्हा दांडा. पाठीचं कातडं सोलून निघालं होतं. मग भिवानं पत्र्याच्या डब्यानं कोंडीतलं आटत आलेलं खारं पाणी उचललं आणि त्या उघड्या पाठीवर ओतलं. नाथा जो ओरडला, तो आवाज माणसाचा नव्हता. बांधावर मिठागराची सगळी माणसं उभी होती. एकानंही पुढे पाय टाकला नाही. सगळ्यांनी कधी ना कधी ती चिमूट खाल्ली होती ना! मिठाला जागत होती!

आवडाबाई भिवाच्या अंगावर धावली. त्यानं तिला कोपरानं उडवून कोंडीत पाडलं. ती उठेपर्यंत एक घाव नाथाच्या डोक्यात बसला. मुद्दाम की चुकून, ते भिवालाच ठाऊक. काळुरामच्या हातातला दोर सैल झाला आणि नाथा खांबावरून घसरून खाली आला.

त्याला दाराच्या फळीवर घालून घरी आणला. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला. शुद्धीवर आला नाही, पाणी मागितलं नाही.

त्र्यंबकरावांनी ठाण्याला धाव घेऊन तक्रार गुदरली. चौकशीला फौजदार आला, बांधावर उभा राहून एकेकाला विचारू लागला. ज्याला विचारावं तो खाडीकडे बघे. "पाय घसरला आसंल," काळुराम म्हणाला आणि फावडं उचलून चालू लागला. आवडाबाई आणि गोदा, दोघीच खरं बोलल्या. पण एक मेलेल्याची आई, दुसरी बायको. साक्षीदार एकही नाही. भिवा आठवड्याभरात पुन्हा बांधावर दांडा घेऊन फिरू लागला.

मग विश्रामशेट समाचाराला आले. घोंगडीवर बसले, डोळे पुसले, सुपारी कातरली.

"आवडाबाई, झालं ते फार वाईट झालं. पण माणूस मरतो, मीठ मरत नसतं. नाथाचं राहिलं ते धाकूनं पुढं चालवावं. घरात मयत झालंय, वर्षाच्या आत लग्न केलं नाही तर तीन वर्षं थांबाल. चाळीस रुपये मी देतो. जुनं-नवं एकच धरू."

"आमचा कनगा हाय," आवडाबाई म्हणाली.

"आहे ना. असू दे," शेट म्हणाले आणि उठले.

वैशाखात लग्न धरलं. हळदीच्या दिवशी भर दुपारी, बायका मांडवात असताना, भिवा चार दांडगे गडी घेऊन शेवंतीच्या अंगणात शिरला. शेवंती एकटी होती. ती कणग्याला पाठ लावून उभी राहिली. "आदी मना मारा," ती म्हणाली. त्यांनी तिचा हात पिरगाळून कोपरात मोडला, केसांना धरून फरफटत बाजूला टाकलं आणि कणग्यावर घासलेट ओतून काडी लावली. गाव धावलं तोवर बांबू फटाफट फुटत होते आणि जळक्या भाताचा वास खाडीपर्यंत गेला होता. बायकांनी ओल्या गोणत्यांनी आग झोडपली, हात भाजून घेतले. हाती आली ती काळी राख. वर्षभराचा घास, आणि घास कसला, गळ्यातला दोर सोडवायचं हत्यारच ते, घटकाभरात गेलं.

धाकू आईच्या पायाशी येऊन बसला. अंगभर हळदीनं माखलेला.

"आये, मी खातंय तो मीठ. नाथादादूस गेला, शेवंतीकाकूचा हात मोरला. आता तुना काय झाला तर मी काय करू?"

आवडाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला त्या क्षणी एवढंच वाटत होतं की या पोराची पाठ आपण पुन्हा तशी बघू शकणार नाही. खाऊ दे का? जिवंत तर राहील! आई होती ती. हा विचार तिच्या मनात आला नाही असं सांगणं खोटं ठरेल.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. विठ्ठलवाडीचं वऱ्हाड आलं. चुलीवर भाताच्या हंड्यांऐवजी पेजेचा एकच हंडा चढला होता. तांदूळ बायकांनी आपापल्या मडक्यांतले झाडून आणले होते. विश्रामशेट जरीचा रुमाल बांधून आले. त्यांनी पाटासमोर पळसाचं पान ठेवलं, त्यावर ओंजळभर पांढरंशुभ्र मीठ, शेजारी चाळीस रुपये. भिवा काठी टेकून मागं उभा राहिला. भाजल्या हातांच्या बायकांनी माना खाली घातल्या.

आवडाबाई गात होती. देवांना बोलावून झालं, पितरांना बोलावून झालं. आता मिठाचा धवळा. धाकूनं आईकडे पाहिलं आणि चिमटीसाठी बोटं पुढं केली.

आवडाबाई थांबली.

धवळा तुटला! असं कधी घडलं नव्हतं. तुटलेल्या धवळ्यानं संसार तुटतो म्हणतात. एक म्हातारी "अगो बायो!" करून किंचाळली.

"गा," विश्रामशेट हसून म्हणाले. "दम लागला असेल. पाणी द्या रे धवलारणीला."

"नाय गानार," आवडाबाई म्हणाली. "यो धवला मी एकदा गायला, त्यात माजा एक पोऱ्या गेला. आता नाय."

भिवानं पुढं होऊन काठीचं टोक सरळ तिच्या तोंडावर मारलं. पुढचे दात तुटले, ओठ फाटला. ती पाटाजवळ पडली. धाकू उठला तर दुसऱ्या फटक्यानं भिवानं त्याला गुडघ्यावर आणलं.

"पोराच्या लग्नात धवळा तोडलास!" शेटचा आवाज आता चढला होता. "अभद्र बाई! संसार नासवलास त्यांचा!"

"नासला तं माजा नासंल," नवरीच्या मुंडावळ्यांमागून आवाज आला. लक्ष्मी पाटावरून उठून उभी राहिली होती. "तुमाला कनाला इतकी काळजी? गा तू, आये."

आवडाबाई हात टेकून उठली. रक्त गिळलं आणि गायली. शब्द फाटक्या ओठांतून शिटीसारखे निघत होते, पण मांडवाच्या शेवटच्या मेढीपर्यंत पोचत होते.

'चालीस रुपयं घेतलं गो, दोन सालांत फिटलं गो,
उरली पाच सालां माज्या, नाथाला कुटलं गो.'

गाता गाता तिनं वाकून ते मिठाचं पान उचललं.

"शेट, यो मीठ कवाचा?"

विश्रामशेटनी सवयीनं उत्तर दिलं. "यंदाच्या पहिल्या राशीचं. शुभ असतं."

"कंच्या कोंडीचा?"

शेटनी वळून भिवाकडे पाहिलं.

"मधल्या कोंडीचा," गोदा म्हणाली. मांडवात विधवेनं येऊ नये म्हणून ती बाहेर कुडाशी उभी होती. ती आता आत आली. "पयली रास मधल्या कोंडीचीच निंगाली. ती यांनीच फावड्यानं वरली. मी पाट्या भरल्यान."

"म्हंजे यो मीठ माज्या नाथाचा हाय," आवडाबाई म्हणाली. "शेटचा नाय."

ती चुलीपाशी गेली आणि पानावरचं सगळं मीठ तिनं पेजेच्या हंड्यात टाकलं. ढवळलं. मांडवाकडे वळली.

"आजवर शेटचा मीठ खाल्ला म्हनून तुमी तोंड शिवलीत. आज माज्या पोऱ्याचा मीठ खावा. आनि त्या मिठाला जागा."

कुणी हललं नाही. मग काळुराम उठला. तो हंड्यापाशी गेला. त्यानं वाडगा बुडवला आणि गरम पेज तशीच तोंडाला लावली.

"मी दोर धरला व्हता," तो म्हणाला. "भिवानी मारला. डोस्क्यात मारला. मी सांगन ठान्याला."

भिवाची काठी त्याच्या टाळूवर बसली. रक्ताची धार डोळ्यांवरून वाडग्यात आली. काळुराम पीतच राहिला. भिवानं पुन्हा काठी उचलली, पण ती खाली आली नाही. मागून कुणीतरी धरली होती. मग दुसऱ्यानं. ज्यांनी त्या दिवशी बांधावर पाय हलवला नव्हता ते सगळे एकदम उठले, हंड्यावर पडले, ओंजळीनं पेज प्याले, आणि भिवावर पडले. काठी मोडली, मनगट मोडलं, कुणी मेढ उपटली, कुणी चुलीतलं जळतं लाकूड ओढलं. भिवा जमिनीवर लोळून रडू लागला. विश्रामशेट छकड्याकडे पळाले. जरीचा रुमाल मांडवातच राहिला. आणखी दोन घटका गेल्या असत्या तर भिवा उरला नसता.

"थांबा!" आवडाबाई त्याच्यावर आडवी झाली. ज्याच्यावर आडवी झाली तो तिच्या लेकाचा मारेकरी होता, आणि तिचंच रक्त त्याच्या अंगावर ठिबकत होतं. "मारू नका. माज्या नाथाला मारला तवा तुमची तोंड उघरली नाय. आता हात नको, तोंड उघरा. याला ठान्याला न्या."

त्याला बैलगाडीत घातलं. आधी मात्र लक्ष्मीच्या बापानं देजाचा भात पुढल्या सुगीला घ्यायचं कबूल केलं, आणि आवडाबाईनं तुटलेला धवळा, मिठाचा तेवढा वगळून, जिथं तुटला होता तिथून पुढं गाऊन पुरा केला आणि धाकू-लक्ष्मीवर अक्षता टाकल्या. मग गाडीमागून सगळं गाव ठाण्याची वाट चालू लागलं, वऱ्हाडासकट. कचेरीत कारकुनाच्या मदतीला बसलेले त्र्यंबकराव जबान्या लिहिता लिहिता थकले, इतके साक्षीदार. प्रत्येकजण येई, नाव सांगे आणि म्हणे, "मी बगितला."

भिवा तुरुंगात गेला. विश्रामशेटना काही झालं नाही. मारायला त्यांनी सांगितलेलं कुणी कानांनी ऐकलं नव्हतं, आणि कायद्याला कान लागतात. पण मांडवात ठेवायला त्यांच्या मिठाला पुन्हा पान मिळालं नाही. पुढल्या सुगीला शेवंतीनं एका धड हातानं नवा कणगा लिंपला, आणि या वेळी भात टाकायला पुरुषही रांगेत उभे राहिले. गोदा त्या कणग्याची राखण करते. कुणी भात न्यायला आलं की ती आधी शिंपल्या मांडायला लावते आणि रेघ त्याच्याच हातानं ओढून घेते.

आवडाबाई अजून लग्न गाते. पुढचे दात नसल्यानं तिचे शब्द फुसफुसतात आणि पोरं नक्कल करतात. अक्षतांच्या आधी ती थांबते आणि भर मांडवात विचारते, किती घेतलंत, कुणाकडून, कधी फिटणार? उत्तर आल्याशिवाय पुढचा धवळा नाही. मग पेज येते आणि मीठ पडतं.

मीठ आपणही रोज खातो. त्याला जागायचं म्हणजे नेमकं कुणाला जागायचं, एवढं पानावर बसताना ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.